पुनमच्या नावावरचं रक्त

चंद्रपूर,
गुरुवार

प्रिय धनराज,

हे पत्र माझ्या गाडीवरचा अजीम स्वतः तुझ्या हातात देईल. त्याला परत पाठवू नको. पत्र वाचून होईपर्यंत तो अंगणात बसेल, मी तसं सांगून ठेवलं आहे. तू म्हणशील, खिशात फोन असताना ह्या माणसाला पत्र लिहायचं सुचलं काऊन. फोनवर मी तुला अर्धंच सांगेन आणि मग धानाचं विचारेन, करपा पडला का म्हणेन, तूही सांगत बसशील, आणि खरं ते राहूनच जाईल. चाळीस वर्षं झाली, माझी जीभ कशी वळते ते मला ठाऊक आहे. कागदावर तिला वळायला जागा कमी मिळते.

आधी माझ्या नाहीदचं सांगतो. ती जिवंत आहे. रविवारी सकाळी घरामागच्या पाण्याच्या ड्रमपाशी पडली, तेव्हापासून आम्ही इथे मोठ्या दवाखान्यात आहोत. अजीमने तुला मलेरिया सांगितला असेल. तसं सांग असं मीच म्हणालो होतो. आपल्याकडे मलेरिया म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मलेरिया नाही, धनराज. तिच्या अंगात रक्त नाही. हिमोग्लोबिन तीन पॉइंट नऊ, जिथे बारा हवं. इथली डॉक्टरीणबाई लातूरकडची आहे, लहानशीच, आपल्या पोरींपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. ती म्हणाली, इतक्या पातळ रक्तावर हृदय पळून पळून सुजलं आहे. रक्त देतोय, पण तेही थेंबाथेंबानेच द्यावं लागतं, भसकन दिलं तर हृदयाला झेपणार नाही. दोन पिशव्या झाल्या, तिसरी लटकली आहे. सुलताना चार दिवस पलंगाच्या पायथ्याशी बसून आहे, पोटच्या पोरीच्या पायाचे अंगठे मुठीत धरून. माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते तुला पुढे कळेल.

मी व्हरांड्यात बसून लिहितोय. समोर आवारात एक माणूस आलुबोंडे तळतो, तेल जुनं आहे, वासावरूनच कळतं. असल्या वेळीही माझं नाक आणि कान आपलं काम सोडत नाहीत. कान तर तूच तयार केलेस. बल्लारपूरहून सतराव्या वर्षी सायकलवर बांगड्या, रिबिनी आणि मिठाची गोणी घेऊन तुमच्या गावात आलो, गल्लीगल्लीत ओरडून घसा बसवला आणि एक रिबीन विकली. तू बांधावर बसून हसत होतास. मग मला पेज पाजलीस आणि म्हणालास, ओरडतो कायले, मोहाच्या झाडाखाली गप बस, बाया काय नाई मिळत म्हणतात ते ऐक, पुढच्या फेरीत तेवढंच आण. धनराज, माझं हॉटेल, किराणा, दोन्ही गाड्या, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. तेव्हापासून मी ऐकत आलो. भट्टीमागे उभं राहून चहा गाळताना कुठल्या गावात लग्न निघालं, कुठल्या ठेकेदाराचे मजूर पळाले, सगळं कानावर येतं. कोण काय बोलतो यावरून तो उद्या काय करेल ते मी ओळखतो. लोक म्हणतात, मुश्ताकभाई हुशार. मलाही ते खरंच वाटत आलं.

ह्याच कानांनी मी ते मे महिन्यात ऐकलं. नाहीदसाठी चंद्रपूरचं स्थळ आलं होतं, तुला माहीत आहे. चांगलं घर, मुलगा सरळ, बारावी झाल्यावर लग्न असं ठरत होतं. त्यांच्याकडचे दोघे आमच्या घरी यायच्या आधी माझ्याच हॉटेलात टेकले. मी भट्टीमागे, त्यांनी मला ओळखलं नाही. आलापल्लीच्या एका मुलीला त्यांनी का नाही म्हटलं ते एकजण दुसऱ्याला सांगत होता. पोरगी देखणी, घर बरं, पण रक्ताचं काहीतरी निघालं. आता ह्या जंगलपट्टीत प्रत्येकीच्या रक्ताची चौकशी करायची, असं घरच्या मोठ्यांनी ठरवलंय म्हणे. त्याला सिकलसेल म्हणायचं होतं. पण अशा लोकांना सिकल काय आणि रक्त कमी काय, सगळं सारखंच. गिरजाबाई नर्स गावोगाव घसा फोडून सांगते की सिकलचा तपास वेगळा, रक्त कमी असणं वेगळं. दुसरं गोळ्यांनी भरून निघतं. मला ते कळत होतं. ते दोघे ऐकणार नाहीत हेही कळत होतं.

आणि मला एक गोष्ट आधीच माहीत होती, जी तुला सांगितली नव्हती. नाहीद उन्हाळ्यापासून दुकानाच्या दोन पायऱ्या चढली की चौकट धरून उभी राहायची. नखं पांढरी. मी तिला गुपचूप एका खाजगी लॅबमध्ये नेलं, तिथे सात निघालं. मग मी काय केलं? टॉनिकची बाटली आणली, खजूर आणला, आणि तो रिपोर्ट भट्टीत घातला. शाळेत सोमवारी निळी गोळी देतात, ती घेते का, हे विचारलंही नाही. ती घेत नव्हती. मळमळतं म्हणून अर्ध्याअधिक पोरी ती खिडकीबाहेर टाकतात, खिडकीखालची माती निळी झाली आहे म्हणे. शिवाय आमच्या घरात जेवणावर चहा. चहाने गोळीतलं लोह अंगाला लागत नाही, हे गिरजाबाईने माझ्याच हॉटेलात माझ्याच बाकावर बसून सांगितलं होतं, आणि मी हसून तिला अजून अर्धा कप दिला होता.

जुलैत शाळेत तपासणी लागली. प्रत्येक पोरीच्या बोटाला सुई, चिठ्ठीवर आकडा, आणि यादी शाळेच्या फळ्यावर. तपासणारी मंडळी बाहेरून येणार, पोरी त्यांना ओळखीच्या नाहीत, हे मी आदल्या दिवशीच ऐकून ठेवलं होतं. पुढचं लिहायला मी कालपासून कागद घेऊन बसलो आहे, धनराज. त्या सकाळी तुझी पुनम नेहमीसारखी आमच्याकडे नाहीदला बोलवायला आली. सुलतानाने तिला रोटी-भाजी वाढली. तुझी कमळाबाई गेल्यापासून ती पोरगी आमच्या चुलीजवळच जेवत आली आहे, तिला मी माझ्या पोरीपेक्षा कधी वेगळं धरलं नाही, आणि कदाचित म्हणूनच माझी हिंमत झाली. मी तिला म्हणालो, बेटी, तुझं रक्त पक्कं आहे, तू पळतेस, तुला ना लग्न ना पाहुणे. तुम्ही दोघी रांगेत चिठ्ठ्या बदला. तुझ्या बोटाचा आकडा नाहीदच्या नावावर, तिचा तुझ्या. महिन्याने परत तपासतील तेव्हा तुझा आपोआप बरोबर येईल. कुणाचं काही बिघडत नाही. नाहीद खाली मान घालून उभी होती. पुनमने तिच्याकडे पाहिलं, हातातला घास ताटात ठेवला आणि मला एकच विचारलं.

"चाचा, बाबा घाबरणार तर नाई ना?"

मी म्हणालो, "तुह्या बाबाले मी सांभाळतो."

यादीत नाहीदसमोर बारा पॉइंट आठ लागलं. पुनमसमोर सहा पॉइंट चार.

हो, धनराज. तो आकडा माझ्या पोरीचा होता.

तू त्या दुपारी ती चिठ्ठी घेऊन हॉटेलात आलास. चिठ्ठी चुरगळली होती, तू ती टेबलावर हाताने सपाट करत होतास, पुन्हा पुन्हा. तू बोललास ते एवढंच, "मुश्ताक, कमळासारखंच." आणि मी काय केलं? कप विसळून तुझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणालो की गोळ्यांनी होते दुरुस्त, काळजी करू नको. हॉटेलात त्या वेळी गिऱ्हाईक म्हणून फक्त मंगरू होता, तोही विडी ओढत बाहेर तोंड करून. ऐकणारं कोणी नव्हतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

कमळाबाईंचं मला माहीत नव्हतं असं नाही. कोणाला माहीत असेल तर मलाच. अकरा वर्षांपूर्वी माझी पहिली जीप, पुलावरून पाणी, आणि मागच्या सीटवर तू तिचं डोकं मांडीवर घेऊन. पलीकडे पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाच्या आधीच रक्त पाच होतं, कोणाला कळलं कसं नाही. बाई गेली, बाळ गेलं, आणि तू मला परतीच्या वाटेवर एकदाच म्हणालास की मले तिच्याकडे पाहून समजाले पाह्यजे होतं. मी आरशात पाहत गाडी चालवत होतो. तुझ्या मनात कुठे काय जखम आहे ते ठाऊक असताना मी तुझ्या पोरीच्या नावावर सहा लिहायला लावलं.

मग तू जे केलंस ते सारं गाव पाहत होतं. पुनमचं पळणं बंद. नाल्यापासून लाकूड-डेपोपर्यंत पहाटे पळणारी पोरगी खाटेवर. हातात घागर नाही, शेतात पाय नाही, शाळेतही कधी पाठवायचास, कधी नाही. नाल्यातले खेकडे आणलेस, बोकडाची कलेजी आणलीस, भामरागडकडच्या कोणाकडून लाल मुंग्यांची चटणी मागवलीस. आम्ही हॉटेलात हसायचो, मीही हसायचो. धनराज पोरीले बांधून चारून राह्यला म्हणायचो. पुनम ते खायची, आणि अर्धं डब्यात घालून शाळेत नाहीदला द्यायची. गिरजाबाई तुझ्या घरी ज्या लाल गोळ्या द्यायची, रोज एक, त्या पुनमने एकही गिळली नाही. वहीच्या कागदात गुंडाळून रोज नाहीदच्या हातात ठेवायची, आणि ती समोर गिळेपर्यंत हलायची नाही. हे मला ह्या सोमवारी नाहीदकडून कळलं. ज्या पोरीला मी रांगेत उभं केलं, तीच माझ्या पोरीचं औषध पोचवत होती, दीड महिना, आणि माझ्या कानावर त्यातलं एक अक्षर आलं नाही.

महिन्याने गिरजाबाई फेरतपासणीला निघाली तर नदीला पूर. दुसऱ्यांदा आली तर पुनमने हात मागे घेतला, सुईची भीती वाटते म्हणाली. तू गिरजाबाईवरच चिडलास, पोरगी आधीच अशक्त आहे, अजून रक्त कायले काढता म्हणून. धनराज, जी पोर टाचेतला काटा बाभळीच्या काट्याने स्वतः उकरून काढते तिला सुईची भीती? तिने बोट दिलं असतं तर बारा निघालं असतं, आणि मग सगळ्यांनी विचारलं असतं की सहा कोणाचं होतं. ती नाहीदसाठी गप्प राहिली. माझ्यासाठीही. मी सांगितलं होतं ना, बाबाले मी सांभाळतो.

पोळा झाल्यावर तू तिला चिमूरला बहिणीकडे पाठवलंस. तिथे चढउतार नाही, दवाखाना जवळ. गाडी मी दिली. तू हात जोडलेस, मी म्हणालो, असं काय करतो बे. निघताना पुनमने नाहीदच्या मुठीत एक पुडी दिली, मला वाटलं, टिकल्या असतील. उरलेल्या अकरा गोळ्या होत्या. त्या अकरा दिवसांत संपल्या. त्यानंतर नाहीदने कोणाकडे मागायच्या? गिरजाबाईच्या वहीत तिचं रक्त बारा पॉइंट आठ. शिवाय पोरीला महिन्याचे दहा-दहा, बारा-बारा दिवस अंगावरून जात होतं. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं, कारण आई मला सांगेल, आणि मी स्थळाचा विचार करेन. फक्त पुनमला ठाऊक होतं, आणि पुनमला आपण दोघांनी मिळून चिमूरला पाठवलं होतं.

आता सगळ्यात वाईट ते लिहितो. इथे आणल्यावर डॉक्टरीणबाईने विचारलं, आधी रक्त कधी तपासलं होतं. मी म्हणालो, जुलैत, बारा पॉइंट आठ. सवयीने तोंडातून गेलं. ती चमकली. तीन महिन्यांत एवढं रक्त गेलं कुठे, म्हणून आत कुठे फुटलंय का ते शोधायला लागली. सोनोग्राफी, हा फोटो, तो फोटो, पोरीला स्ट्रेचरवर ह्या टोकापासून त्या टोकाला. मी मागे मागे चालत होतो. नसलेली जखम ते शोधत होते हे मला माहीत होतं, आणि तरी मी रविवार अख्खा बोललो नाही. एकदा खोटं लिहून घेतलं की ते खरं असल्यासारखं आपणही वागायला लागतो. शेवटी सोमवारी सकाळी नाहीदनेच तोंडावरची नळी बाजूला करून सांगितलं की ते रक्त माझं नव्हतं. सुलताना तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. डॉक्टरीणबाईने एवढंच म्हटलं की एक दिवस गेला.

स्थळवाल्यांना मी काल स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते कळवतो म्हणाले. कळवणार नाहीत. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते नाही म्हणतील ह्या भीतीने मी जे केलं त्यापुढे त्यांचं नाही म्हणणं काहीच नाही.

काल संध्याकाळी नाहीद शुद्धीवर होती. मी मोसंबीचा रस पुढे केला, तिने मान फिरवली. म्हणाली, "अब्बा, आधी पुनमचं रक्त परत करा." मला वाटलं ग्लानीत बोलते आहे. मग तिने दम घेत घेत सांगितलं. क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी शनिवारी सकाळी इथे चंद्रपूरच्या मैदानावर आहे. पुनमचं नाव गुरुजींनी जूनमध्येच दिलं होतं, आणि वयाप्रमाणे तिला हे शेवटचं वर्ष. मी गुरुजींना फोन लावला. नाव अजून खोडलेलं नाही. तिचे बाबा नको म्हणाले तरी खोडायला माझा हात धजला नाही म्हणाले. तेव्हा धनराज, हे त्यासाठी लिहितो आहे. माफी मागायला नाही. ती मागायची लायकी नंतर पाहू. अजीमच्या गाडीत बस आणि चिमूरला जा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नको, ठेवायचं कारणही नाही. तिथल्या दवाखान्यात पुनमचं बोट टोचून घे, आकडा स्वतः वाच, आणि तिला उद्या संध्याकाळपर्यंत इथे आण. तीन महिने खाटेवर बसलेली पोर निवडली जाईल का, मला सांगता येत नाही. पण ती पळायला उभी तरी राहिली पाहिजे. येत्या सोमवारी मी शाळेत जाऊन, सगळ्यांसमोर, सहा कोणाचं होतं ते सांगणार आहे, गिरजाबाईला तसं कळवलं आहे. तुला मला मारायचं असेल तर मी इथेच ह्या व्हरांड्यात आहे, कुठे जाणार नाही. नाहीदचं पुढे काय, ते डॉक्टरीणबाई सांगत नाही. विचारलं की पिशवीकडे पाहते. पण तुझ्या पोरीला काही झालेलं नाही, धनराज. कमळाबाईंसारखं काही नाही. ती धडधाकट आहे, पहिल्यापासून होती. तिला पळू दे.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
मुश्ताक